मुळीचं पहिलं पाणी

गवत फुलावर आलं होतं. कुरणात पाऊल टाकलं की पिवळी भुकटी उडायची आणि गुडघ्यापर्यंत चिकटून बसायची. बायकांचे चेहरे, भुवया, डोक्याला बांधलेली फडकी, सगळं दुपारपर्यंत एकाच रंगाचं होऊन जायचं. गोठेवाल्या मालकाच्या गुरांना वर्षभर पुरेल एवढं गवत याच दिवसांत कापून, वाळवून गंजीला लावायचं असायचं. उशीर झाला तर फूल झडतं, नुसती काडी उरते आणि काडीला गुरं तोंड लावत नाहीत.

पुरुषांची रांग पलीकडच्या अंगाला असायची. कापणाऱ्या बायका एका रांगेत वाकून पुढं सरकत. प्रत्येकीची आपापली पात, कापायचा आपापला पट्टा. डाव्या मुठीत गवत धरायचं, उजव्या हातानं विळा ओढायचा, मूठ मागं टाकायची आणि पाऊल पुढं. रांग वाकडी झाली की मुकादम ओरडायचा. ती सरळ ठेवायची ते काही दिसायला बरं म्हणून नव्हे. एक मागं राहिली आणि दुसरी पुढं गेली, की एकीचा विळा दुसरीच्या पायाशी येतो.

त्या सकाळी मजुरांच्या खोल्यांतल्या एका म्हातारीच्या सुनेला एकामागून एक शिंका येत होत्या. नाकावर फडकं घट्ट बांधलं होतं, तरी डोळे गळत होते आणि समोरचं गवत पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. शेजारच्या पातीवरची उंच बाई म्हणाली, "अगं, शिंकायचं तर आधी सांगत जा. मी तिकडं पळते."

"सांगून येते का ती?"

"मग विळा तरी खाली ठेव."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "ठेवला तर उचलणार कधी? एक जाईपर्यंत दुसरी दारात उभी."

रांगेत हशा पिकला. सूनही हसली. हसता हसता तिला शिंक आली, सगळं अंग पुढं फेकणारी, आणि ओढलेला विळा मुठीतल्या गवतातून सुटून बाजूला गेला.

उंच बाई लगेच ओरडली नाही. तिनं खाली बघितलं. नडगीवरची कातडी उघडली होती आणि आत पांढरं दिसत होतं. मग रक्त आलं आणि मग ती ओरडली.

मुकादम बांधावरून पळत आला. उंच बाईला दोघींनी उचलून सावलीला नेलं, जखमेवर फडकं आवळलं. सून तिथंच उकिडवी बसून राहिली होती.

"ऊठ," मुकादम म्हणाला. "पातीतून बाहेर हो."

"मी तिची पातपण कापते. दोन्ही कापते, मुकादम."

"तू आधी नाक पूस."

सगळ्या बघत होत्या. तिनं बाहीनं नाक पुसलं. गालावर ओल्या पिवळ्या भुकटीचा पट्टा उमटला. विळा मुकादमाच्या हातात देऊन ती बांधाबांधानं खोलीकडं निघाली आणि वळणापर्यंत शिंकतच गेली.

*

मजुरांच्या खोल्या गोठ्यांच्या मागं एका ओळीत होत्या. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, दाराशी चूल. खोलीला भाडं नव्हतं, पण एक रीत होती. कापणीत खोलीमागं दोन विळे. पूर्वी म्हातारीचा आणि तिच्या लेकाचा असे दोन होते. मग म्हातारीची बोटं वाकडी झाली, विळ्याची मूठ धरता येईना, तेव्हा तिची जागा सुनेनं घेतली. सुनेला हे गवत सोसत नाही हे पहिल्याच कापणीत कळलं होतं. पण तेव्हा ती अधूनमधूनच शिंकायची. यंदा काय झालं होतं कोण जाणे, तिला झोपेतसुद्धा नाकानं श्वास घेता येत नव्हता.

संध्याकाळी मुकादम दाराशी आला. आत न येता चौकटीला टेकून उभा राहिला.

"खोलीमागं दोन विळे," तो म्हणाला. "हे काही मी ठरवलेलं नाही."

"माहीत आहे," लेक म्हणाला.

"वरचं कुरण होईपर्यंत मी काही बोलत नाही. खालच्या कुरणाला हात घालू तेव्हा मला दोन विळे दिसले पाहिजेत. फाटकाशी लोक काम मागायला रोज येऊन उभे राहतात. पोरंबाळं घेऊन उभे राहतात. मालक मलाच विचारतो, यांना का ठेवलंय म्हणून."

"मी येते," म्हातारी म्हणाली.

मुकादमानं तिच्या हातांकडं बघितलं. "मावशी, तुमच्या हातून पेलाही सुटतो." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "तोवर हिला ओढ्यावर पाठवा. त्या औषधवाल्या बाईंना मुळ्या खणायला माणसं पाहिजेत. चार घास तरी सुटतील."

"कसलं औषध?" सुनेनं आतून विचारलं.

मुकादम हसला. "शिंकांचं."

*

ओढ्याकाठी थाळापान उगवायचं. जेवायच्या ताटाएवढं गोल पान, खाली जाड देठ, आणि चिखलात बोटाएवढ्या जाड, गाठी गाठींच्या मुळ्या. गुरं त्याला कधी तोंड लावत नसत. बाई शहरातून गाडी घेऊन यायच्या. रबरी बूट घालून स्वतः चिखलात उतरायच्या, कुदळ कशी तिरकी मारायची ते दाखवायच्या. त्या एका औषध कंपनीत शोधाचं काम करत होत्या. बोलायला सरळ होत्या आणि त्यांनाही शिंका यायच्या.

म्हातारी पहिल्या दिवशी सुनेबरोबर गेली होती. तिनं विचारलं, "बाई, तुमचं औषध तुम्हालाच लागू पडत नाही होय?"

"औषध अजून झालंय कुठं, मावशी? होतंय का ते बघतोय आम्ही. या मुळीत नाक मोकळं करणारं काहीतरी आहे, एवढं दिसतंय. पण त्याच्याच जोडीला दुसरंही एक आहे. ते लिव्हर खराब करतं. दोन्ही एकमेकांपासून सोडवायला आमच्याकडं मोठी यंत्रं लागतात. म्हणून सगळ्यांना सांगते, हे घरी उकळून पिऊ नका."

"आमच्या माहेरी प्यायचे की. माझी आई द्यायची."

बाईंनी कुदळ खाली ठेवली. "असं? कशी करायची तुमची आई?"

 बाईंच्या चेहऱ्यावर एकदम जी उत्सुकता आली होती ती म्हातारीला आवडली नाही. दुकानात एखाद्या जिनसेला हात लावला की दुकानदार असाच बघतो.

"कशी म्हणजे? उकळून," ती म्हणाली.

"नुसती उकळून? किती वेळ? आधी भिजवायची का?"

"आता कुठं आठवतंय, बाई. म्हातारी झाले मी."

तिला सगळं आठवत होतं. आई मुळी ठेचून उकळायची आणि ते पाणी उकिरड्यावर ओतायची. पुन्हा पाणी घालून उकळायची, तेही ओतायची. तिसरं पाणी प्यायला द्यायची, तेही चार दिवस, मग बंद. म्हातारीनं सुनेलाही मागच्या कापणीत तसंच दिलं होतं. थोडा उतार पडायचा, दुपारपर्यंत टिकायचा.

बाईंनी कुदळ उचलली. मग पुन्हा म्हणाल्या, "पूर्वी घेत असाल. आता मात्र घेऊ नका. ऐका माझं."

सुनेनं खणलेल्या मुळ्या ओढ्यात धुऊन चकचकीत करून आणल्या होत्या. चिखल तसाच कसा द्यायचा, असं तिला वाटलं होतं. बाईंनी त्या बाजूला काढल्या. "धुवायच्या नाहीत गं. पाण्यात गुण उतरतो. मातीसकट वाळवायच्या, माती मग झटकायची."

"मग या?"

"या राहू देत. मला चालणार नाहीत."

सुनेनं त्या मुळ्या फडक्यात बांधून घरी आणल्या.

*

"तुला पटतं का आई?" लेक जेवताना म्हणाला. "लिव्हर खराब करतं म्हणे. आणि स्वतः पोत्यानं भरून नेते."

"यंत्रं आहेत म्हणाली त्यांच्याकडं."

"असतील. उद्या तीच मुळी बाटलीत घालून आपल्याला विकायला आणतील. आपण ओढ्यावरनं फुकट प्यायला लागलो तर बाटली घेणार कोण?"

 म्हातारीलाही मनातून तेच वाटत होतं. सून भिंतीला पाठ लावून तोंडानं श्वास घेत बसली होती. घास चावायचा आणि श्वास घ्यायचा, दोन्ही एकाच वाटेनं होत असल्यामुळं तिला जेवायला सगळ्यांपेक्षा वेळ लागायचा.

लेक बोलता बोलता थांबला. "आणि ते धुण्याचं काय म्हणाली?"

"पाण्यात गुण उतरतो," सून म्हणाली.

"बघ. नुसतं ओढ्यात बुचकळलं तर गुण जातो. आणि आई तू दोनदा खळखळ उकळून पाणी उकिरड्यावर ओततेस. मग हिला काय पाजतेस? चोथा!"

म्हातारीनं हातातला घास ताटात ठेवला.

"तुझी आई का ओतायची?"

"कडू असतं."

"एवढंच?"

"मला काय माहीत? ती ओतायची म्हणून मीही ओतते. लहान पोरांनी प्यावं म्हणून ओतत असेल."

"ही काय लहान पोर आहे?"

सून म्हणाली, "कडू चालेल मला, आई. काहीही चालेल."

वरचं कुरण संपत आलं होतं. म्हातारीनं दुसऱ्या दिवशी सकाळी मुळी ठेचली, पातेल्यात टाकली आणि पहिलं पाणी ओतलं नाही. ते गडद तपकिरी झालं, वर फेस आला. ओल्या मातीचा आणि गंजक्या लोखंडाचा वास खोलीत भरला. सुनेनं वाटी तोंडाला लावली, डोळे घट्ट मिटले आणि घटाघटा पिऊन टाकली. तिच्या हातावर काटा आला होता.

"कसं आहे?"

"विळा चाटल्यासारखं," ती म्हणाली.

*

दोन दिवस गेले आणि सून उठली ती तोंड मिटून. चुलीपाशी आली, उभी राहिली आणि नाकानं लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग नवऱ्याजवळ जाऊन म्हणाली, "तुमच्या अंगाला गंजीचा वास येतो."

"आज कळलं?"

"मला नाक कुठं होतं इतके दिवस?"

लेक खो खो हसला. म्हातारीही हसली. पुष्कळ दिवसांनी त्या खोलीत तिघं एकदम हसली होती.

खालचं कुरण सुरू झालं तेव्हा मुकादमाला दोन विळे दिसले. त्यानं सुनेला मुद्दाम मधली पात दिली आणि स्वतः मागं उभा राहिला. भुकटी नेहमीसारखीच उडत होती. तिच्या दोन्ही बाजूच्या बायका खोकत होत्या, डोळे चोळत होत्या. ती मात्र सरळ कापत गेली. दुपारी तिची पात बाकीच्यांपेक्षा पुढं गेली, तेव्हा मुकादम ओरडला, "अगं, थांब जरा! रांग धर!" आणि बायकांनी माना वर करून बघितलं. पायाला पट्टी बांधून बांधावर बसलेली उंच बाई म्हणाली, "आता हिला पुढं ठेवा, मुकादम. म्हणजे विळा लागला तर गवतालाच लागेल."

काय दिलंत, असं विचारत बायका संध्याकाळी म्हातारीकडं यायला लागल्या. एरवी पाण्याच्या नळावर म्हातारीला कुणी पुढं जाऊ देत नसे. आता तिची बादली भरून कुणीतरी दाराशी आणून ठेवायचं. चुलीशी बसून ती दाखवायची: मुळी एवढी घ्यायची, अशी ठेचायची.

"आणि पहिलं पाणी टाकायचं नाही हं," ती म्हणायची. "सगळा गुण त्यातच."

हे आपल्या आईनं सांगितलेलं नाही, हे तिच्या मनात यायचं. पण ते सांगायला वेळ नसायचा. समोर वाट्या असायच्या.

एक दिवस मुकादमाची बायको आली. ती आजवर या दाराशी थांबली नव्हती. आज उंबऱ्यावर बसली. बरोबर तिची धाकटी मुलगी होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली, तोंड उघडं ठेवून श्वास घेणारी.

"मावशी, हिला सगळी 'आ वासलेली' म्हणून चिडवतात. घाला वाटीभर."

"लहान आहे गं."

"अर्धी घाला मग."

मुलगी म्हातारीच्या हातची अर्धी वाटी नाक मुरडत प्यायली. मुकादमीण जाताना म्हणाली, "मुकादमांना सांगते मी. तुमच्या खोलीची काळजी नका करू."

बाई मुळ्या न्यायला आल्या तेव्हा खणणारं कुणीच नव्हतं. ओढ्याकाठचं थाळापान मात्र बरंच उपटलेलं दिसत होतं. बाई खोल्यांकडं आल्या, पण बायका कुरणात होत्या आणि म्हातारीनं त्यांना येताना बघून पातेल्यावर झाकण ठेवलं.

"मुळ्या कुणी काढल्या, मावशी?"

"डुकरं येतात, बाई."

बाईंनी झाकलेल्या पातेल्याकडं बघितलं. त्यांना वास आला असावा. पण नाक चोंदलं असलं तर आलाही नसेल. त्या गेल्या.

*

आधी सुनेचं जेवण कमी झालं. मग ती संध्याकाळी आली की हातपाय न धुता तशीच आडवी व्हायला लागली. पाठ, पोटऱ्या, तळहात खाजवायची, इतकं की कातडीवर रेघा उठायच्या. म्हातारीला वाटलं गवताची खाज असेल. मग एक दिवस तिनं सुनेला कुरणात बघितलं. डबा द्यायला गेली होती. सून वाकून कापत होती आणि मध्येच विळ्याचा हात उजव्या बरगडीखाली दाबून धरत होती. दाबायची, कापायची, दाबायची. रांग मात्र तिनं सोडली नव्हती.

"काय होतंय तिथं?" म्हातारीनं घरी विचारलं.

"उसण भरली असेल."

"दोन दिवस वाटी बंद ठेवू."

"नको."

"अगं, आई चारच दिवस द्यायची."

"तुमच्या आईवर खोली सोडायची वेळ आली नव्हती," सून म्हणाली. ती कधी असं बोलत नसे. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खालचं कुरण अर्धं राहिलंय, आई. एवढं होऊ दे. मग तुम्ही काय म्हणाल ते. आता शिंका परत आल्या तर मुकादम मला रांगेत उभं करणार नाही. त्या उंच बाईचा पाय अजून भरला नाही. ती माझ्याकडं कशी बघते तुम्ही बघितलं नाहीत."

म्हातारीनं लेकाकडं बघितलं. तो विळ्याला धार लावत होता. "थकलीय ती," तो मान वर न करता म्हणाला. "सगळ्यांच्या पुढं कापायची हौस. थकणारच."

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं मुळी नेहमीपेक्षा थोडी कमी घातली. सुनेच्या ते लक्षात आलं. तिनं स्वतः उठून पातेल्यात मूठभर टाकली.

मग एक दिवस कापणी थांबली. कापलेलं गवत उलटून वाळवायचं होतं आणि ते पुरुषांचं काम होतं. म्हातारी म्हणाली, आज चांगली न्हाऊन घे, किती दिवसांची भुकटी बसलीय अंगावर. खोलीमागं उन्हात तिनं पाणी तापवलं. सून दगडावर बसली. म्हातारी वाकड्या बोटांत तांब्या धरून तिच्या अंगावर पाणी ओतत राहिली. आधी पिवळं पाणी वाहिलं, मग मळकं, मग स्वच्छ. म्हातारीनं ओल्या फडक्यानं तिची मान पुसली. मान पिवळी होती. पुन्हा पुसली, जरा जोर लावून. फडकं उलटून बघितलं. फडक्यावर काही नव्हतं.

"इकडं बघ," ती म्हणाली.

सुनेनं चेहरा वर केला. डोळ्यांवर ऊन आलं. डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं.

म्हातारीनं तिचा हात उचलून तळहात बघितला. पाय बघितले. कुरणात, नळावर, चुलीशी, इतके दिवस ती सुनेला बघत होती, आणि इतके दिवस सगळेच पिवळे होते.

"काय झालं, आई?"

"लघवी कशी होते तुला?"

सुनेनं ओले केस मागं सारले. मग म्हणाली, "त्या काढ्यासारखी. मला वाटलं, काढाच उतरतोय."

*

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं सुनेच्या डोळ्यांत बघितलं, पोटावर बोटं ठेवून बरगडीखाली दाबलं. ती कळवळली.

"काही औषध चालू आहे? झाडपाल्याचं, काढा, चूर्ण?"

"नाही," लेक म्हणाला.

डॉक्टरनं पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं ना. कष्टाचं काम आहे, दमली आहे. ताकदीचं इंजेक्शन द्या." त्याचं उत्तर ठरलेलं होतं. वाटेत गाडीत त्यानं दोघींना सांगितलं होतं: आपण काही प्यायलो म्हणून सांगायचं नाही, त्या बाईची कंपनी आपल्यावरच चोरीचा आळ घेईल, मालक त्याच निमित्तानं हाकलेल.

सून टेबलावर आडवी होती. तिनं छताकडं बघत विचारलं, "आई, परवा कुरणाचं शेवटचं टोक आहे ना? तेवढं होईल ना माझ्याच्यानं?" मग तिनं तेच पुन्हा विचारलं, जणू पहिल्यांदा विचारलंच नव्हतं. तिची जीभ जड झाली होती.

"थाळापानाची मुळी," म्हातारी म्हणाली. "मी दिली. उकळून. पहिलं पाणी."

"आई!"

"गप्प बस. दोन वेळा देत होते, डॉक्टर. कापणी खालच्या कुरणात आली त्याच्या आधीपासून."

डॉक्टर ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाहेर जाऊन रुग्णवाहिकेच्या गाडीला फोन केला, परत आला, सुनेला नाव विचारलं, आज कोणता वार आहे ते विचारलं. वार तिला सांगता आला नाही. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, तो लेकाला म्हणाला. लिव्हर किती शिल्लक आहे ते तिथं कळेल. वाचेल असं मी म्हणत नाही आणि वाचणार नाही असंही म्हणत नाही.

गाडी आली. सुनेला आत ठेवलं. लेक चढला. म्हातारी पाऊल टाकणार तेवढ्यात डॉक्टरनं तिला थांबवलं.

"आजी, आणखी कोण घेतंय हे?"

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं.

"म्हणजे घेतायत," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही मोठ्या दवाखान्यात जाऊन काही करू शकणार नाही. परत जा. सगळ्यांची मुळी बंद करा आणि सगळ्यांना उद्या सकाळी इथं आणा. लहान मुलांना आजच आणा. आत्ता."

*

ऊन उतरलं होतं तेव्हा ती खोल्यांशी पोचली. चपलेचा पट्टा तुटला होता, तो हातात धरून ती सरळ मुकादमाच्या दाराशी गेली.

"मुलगी कुठंय?"

मुकादम जेवत होता. "काय झालं, मावशी? सून कशी आहे?"

"मुळीनं झालंय तिला. मुळीनं लिव्हर गेलंय. पोरीला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्या. वाटी बंद करा."

मुकादमीण बाहेर आली. "काहीतरीच काय. आमच्या पोरीला किती बरं आहे."

"माझ्याही सुनेला बरं होतं!"

"तिला दुसरं काही असेल. आधीपासूनच नाजूक ती." मुकादमीण मुलीला पुढं ओढत म्हणाली, "दाखव गं आजीला."

मुलगी म्हातारीसमोर उभी राहिली. ओठ घट्ट मिटून तिनं नाकानं श्वास घेतला, छाती फुगवली आणि डोळे मोठे करून कौतुकाची वाट बघितली. म्हातारी खाली बसली, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. उजेड राहिला नव्हता. पोर दिवसभर गंजीवर खेळलेली, सगळी भुकटीनं माखलेली. काही कळत नव्हतं.

"पाणी आणा. तोंड धुवा हिचं."

"मावशी," मुकादम उठत म्हणाला, "तुमचं दुःख मला कळतं. पण खालच्या कुरणाचं शेवटचं टोक राहिलंय. यंदा पहिल्यांदा रांगेत कुणी शिंकत नाही. आता तुम्ही दारोदार जाऊन बायकांना घाबरवलंत, तर परवा कापायला कोण येईल? तुमची पात गेली म्हणून सगळ्यांची जावी असं आहे का?"

"मुकादम, तिला आज कोणता वार ते सांगता आलं नाही."

"मलाही कधी कधी येत नाही." त्यानं मुलीला उचललं, आत नेलं आणि दार लोटलं.

म्हातारी ओळीच्या मध्ये उभी राहिली. दाराशी दाराशी चुली पेटल्या होत्या. प्रत्येक चुलीवर पातेलं होतं आणि ओल्या मातीचा, गंजक्या लोखंडाचा वास साऱ्या ओळीत भरला होता. वाऱ्यावर कुरणाची भुकटी येतच होती. या दिवसांत या वेळेला इथं कान किटायचे. या दारातून शिंक, त्या दारातून शिंक, मध्येच कुणाची तरी शिवी आणि हसणं. ती कान देऊन उभी राहिली. भांड्यांचा आवाज येत होता, बोलण्याचा येत होता. एकही शिंक येत नव्हती.

ती पुढच्या चुलीशी गेली. उंच बाईची चूल होती ती. कुणाला काही न विचारता तिनं उकळतं पातेलं उघड्या हातांनी उचललं आणि मातीवर पालथं केलं. कातडी चरचरली. पातेलं तिनं सोडलं नाही.

"अगं आई गं! मावशी, काय करताय! वेड लागलंय का तुम्हाला?"

"ओरड," म्हातारी म्हणाली आणि पुढच्या चुलीकडं वळली. "आणखी जोरात ओरड. सगळ्यांना बाहेर येऊ दे."